चार लाखांतले दोघे : ‘वुडस्टॉक’मधला पाऊस, चिखल आणि सोबत

रॉक संगीताशी ज्यांचे काडीचेही देणेघेणे नाही, त्यांच्याही डोळ्यांपुढे ‘वुडस्टॉक’ हा शब्द उच्चारताच चिखलात घसरगुंडी करणारी, अंगभर माखलेली, हसणारी तरुण मुले उभी राहतात. शुक्रवार १५ ऑगस्ट १९६९ रोजी सायंकाळी सुरू झालेला हा महोत्सव सोमवारी सकाळी संपला. बत्तीस कलावंत आणि वाद्यवृंद तिथे मंचावर येऊन गेले. त्यांतली दहा नावे सांगा म्हटले, तर जाणकार श्रोताही अडखळेल. चिखल मात्र कोणी विसरत नाही.

ही आठवण आपल्यापर्यंत आली ती मायकेल वॉडली यांच्या ‘वुडस्टॉक’ या १९७० सालच्या माहितीपटातून. मूळ आवृत्ती तीन तासांहून थोडी अधिक, तर १९९४ मध्ये आलेली दिग्दर्शकीय आवृत्ती पावणेचार तासांच्या घरात जाते. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. संकलन थेल्मा शूनमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, आणि त्या चमूत तेव्हा फारसे नाव नसलेला मार्टिन स्कॉर्सेसीही होता. या चित्रपटावर संगीताच्या अंगाने आणि त्या पिढीच्या राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे पाहायचा आहे तो त्यातला पाऊस. पडद्यावर पाऊस कोणाच्या वाट्याला येतो, चिखल कोणाला शोभतो आणि कोणाला उपसावा लागतो, आणि एवढ्या गर्दीत माणूस नेमका कोणाच्या सोबतीने उभा असतो, असे हे प्रश्न आहेत. माझ्या मते या प्रश्नांवर चित्रपट स्वतःशीच भांडतो. ‘आम्ही सारे एक’ असे तो मोठ्याने सांगत राहतो, आणि त्याचे उत्तम क्षण मात्र दोघादोघांचे असतात.

आधी जागेविषयी थोडे. महोत्सव ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो तिथे तो झालाच नाही. वॉलकिल इथली ठरलेली जागा जुलैच्या मध्यात हातची गेली, आणि अवघा महिना उरलेला असताना न्यू यॉर्क राज्यातल्या बेथेल गावी मॅक्स यॅसगर या दूधव्यावसायिकाची जमीन भाड्याने घेण्यात आली. नैसर्गिक वाटीसारखे उताराचे ते रान म्हणजे लसूणघासाचे शेत. कुंपण आणि तिकिटाची दारे उभारायची की मंच, यात आयोजकांना वेळेअभावी निवड करावी लागली. त्यांनी मंच निवडला, आणि अठरा डॉलरचे तिकीट ज्यांनी काढले होते व ज्यांनी नव्हते ते सारे एकाच उतारावर येऊन बसले. चार लाखांच्या आसपास माणसे घासाच्या शेतात तीन दिवस वावरली, त्यात पाऊस आला, तर दुसरे काय होणार? उतारावरचे पाणी खाली मंचाकडेच येते. चिखलामागे दैवी संकेत शोधणाऱ्यांनी हा साधा भूगोल ध्यानात ठेवलेला बरा.

पाऊस मुख्यतः दोनदा आला. शुक्रवारी रात्री तो आला आणि रेंगाळला. रविवारी दुपारी जो कॉकर यांचे गाणे संपता संपता वाऱ्यासकट वादळ आले आणि कार्यक्रम काही तास थांबला. चित्रपटाला शुक्रवारच्या पावसात फारसा रस नाही. त्याला हवे आहे रविवारचे वादळ, कारण त्यात नाट्य आहे. ध्वनिक्षेपकांचे मनोरे वाऱ्याने हलू लागतात, त्यांवर चढलेल्यांना खाली उतरण्याच्या विनवण्या होतात, मंचावर धावपळ करून यंत्रांवर ताडपत्र्या ओढल्या जातात. मग जमाव एका सुरात ‘पाऊस नको’चा घोष सुरू करतो. डबे, बाटल्या, टाळ्या, जे हाताला लागेल ते वाजू लागते. पाऊस थांबत नाही, आणि घोषाचे रूपांतर तालात होते. पुढे माती सैल होते, कोणी धावत येऊन पोटावर घसरतो, त्याच्यामागे दुसरा, मग रांगच लागते.

या प्रकरणाचे संकलन अप्रतिम आहे यात वाद नाही. पडदा दोन किंवा तीन भागांत विभागण्याची जी पद्धत चित्रपटभर वापरली आहे, ती इथे सर्वांत सार्थ ठरते. एका चौकटीत ढग, शेजारच्या चौकटीत भिजणारे चेहरे, आणि कुठे पाहावे हे ठरवण्याचे ओझे प्रेक्षकावर. प्रत्यक्ष पावसात सापडलेल्या माणसाची नजर अशीच भिरभिरते. पण क्रम पाहा. सँटाना यांचे वादन प्रत्यक्षात शनिवारी दुपारी, म्हणजे वादळाच्या आदल्या दिवशी झाले. चित्रपटात ते वादळानंतर येते. परिणामी डबेबाटल्यांच्या त्या ठोक्यांचा जणू पुढचा टप्पा म्हणून सँटानांची तालवाद्ये आपल्या कानांवर पडतात. जमावाने चिखलात सुरू केलेला ताल मंचाने उचलला, असा आभास तयार होतो. माहितीपटाने काळाचा क्रम बदलू नये असे माझे म्हणणे नाही, सगळेच बदलतात. मात्र या एका हलवाहलवीने पावसाला कारण बहाल केले. जो निव्वळ व्यत्यय होता तो दीक्षाविधी झाला, आणि चिखल म्हणजे त्या विधीत लावायचे भस्म.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, एका मैत्रिणीबरोबर. घसरगुंडीच्या दृश्यावर सभागृह खुशीत हसत असताना ती कानाशी पुटपुटली, “हे कपडे धुणार कोण?” तेव्हा मी नुसते हसून घेतले. पुढे प्रत्येक वेळी चित्रपट पाहताना तो प्रश्न आडवा येत गेला, आणि आता मला तो या चित्रपटावरचा नेमका समीक्षात्मक प्रश्न वाटतो. कारण चित्रपटाला तो कुठेतरी पडलेला आहे. फिरती संडासे साफ करणाऱ्या कामगाराची छोटीशी मुलाखत त्यात आहे. हातातले काम न थांबवता तो प्रसन्नपणे बोलतो. त्याचा एक मुलगा इथेच या गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये. साऱ्या चित्रपटात त्या युद्धाविषयी जी गाणी आणि भाषणे आहेत त्यांहून ही दोन मिनिटे जास्त खोल जातात. प्रेक्षकांचा तो लाडका झाला. या लाडाला एक पुरवणी आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. आपल्या खासगी आयुष्याचा असा वापर केल्याबद्दल त्याच माणसाने पुढे निर्मात्यांवर दावा लावला. महोत्सव कर्जात बुडाला, चित्रपटाने वॉर्नर ब्रदर्सला भरपूर पैसा मिळवून दिला, आणि घाण उपसणारा माणूस त्या पैशाच्या खेळात आपली परवानगी न घेता नट झाला होता. आणखी एक गोष्ट चित्रपटाच्या आनंदात मावत नाही. शेतात झोपण्याच्या पिशवीत निजलेला सतरा वर्षांचा एक मुलगा ट्रॅक्टरखाली सापडून दगावला. माणसे मातीच्या रंगाची झाली की ती चालकाला दिसत नाहीत, हे चिखलाचे दुसरे रूप.

वर्तमानपत्रांनी याच्या उलट टोकाची चूक केली. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने १८ ऑगस्टच्या अग्रलेखात या प्रकाराला दुःस्वप्न ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी सूर बराच मवाळ केला. दुःस्वप्न असो वा स्वर्ग, दोन्ही वर्णने दुरून केलेली. दोन्हींत माणसांचा नुसता लगदा दिसतो.

या लगद्याकडे मंचावरून पाहणारा एक भारतीय होता, आणि त्याची नोंद आपल्याला जवळून वाचायला हवी. शुक्रवारी रात्री पंडित रविशंकर यांनी पावसात सतार वाजवली. तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. ‘रागमाला’ या आत्मकथनात रविशंकरांनी हा अनुभव भीतिदायक होता असे सांगितले आहे आणि चिखलात बसलेला तो जमाव पाहून आपल्याला भारतातल्या, चिखलात डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली असेही लिहिले आहे. पाश्चात्त्य लेखक हे वाक्य एका वैतागलेल्या वडीलधाऱ्याची नापसंती म्हणून उद्धृत करतात. नापसंती त्यात आहेच. नशेत बुडालेल्या श्रोत्यांविषयी ते वारंवार नाराजीने बोलले आहेत. पण ज्याने गावाबाहेरच्या डबक्यात म्हशी पाहिल्या आहेत, त्याला या उपमेत आणखी काही दिसते. म्हशीला घाम फारसा येत नाही. अंगातली उष्णता कमी करायला आणि माशांपासून वाचायला ती चिखलात बसते. तिथे ती सुखात असते, आणि तिला हाकलायला पोराला बराच वेळ काठी आपटावी लागते. सुखात असलेल्या, न उठणाऱ्या, कशानेही न विचलित होणाऱ्या श्रोत्यांपुढे वाजवणे, ही कलावंताची भीती आहे. दाद येते, पण ती कशाला येते ते कळत नाही.

त्यात वाद्यांची अवस्था. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, हातोडीने गजरा ठोकत राहावे तरी स्वर टिकत नाही. सतारीच्या तरफा मुख्य तारांशी भांडू लागतात. ओल भोपळ्यालाही मानवत नाही. विजेच्या गिटारला पावसात धोका आहे तो धक्क्याचा. सतारीला धोका आहे तो बेसूर होण्याचा, आणि बेसूर झालेल्या सतारीला आवाज वाढवून वाचवता येत नाही. १९७० साली वुडस्टॉकच्या नावाने निघालेल्या तबकडीवर पूरिया धनाश्री आणि मांज खमाज आहेत. पूरिया धनाश्री हा संधिप्रकाशाचा राग, म्हणजे दिवस मावळत असल्याची जाणीव श्रोत्याच्या मनात असावी अशी त्याची अपेक्षा. पावसाने निथळणाऱ्या, गर्द अंधाऱ्या उतारावर ती जाणीव कुठून आणायची?

त्याच रात्री ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ या स्कॉटिश मंडळींनी पावसात वाजवायला नकार दिला. त्यांना शनिवारी दुपारी, जोरकस विद्युतवाद्यांच्या कार्यक्रमांमध्ये जागा मिळाली, आणि तिथे त्यांचे नाजूक संगीत पडले. त्यांच्याऐवजी शुक्रवारी मंचावर गेलेली अनोळखी मेलनी मात्र त्या पावसाने प्रसिद्ध झाली. रविशंकर चित्रपटात नाहीत. स्ट्रिंग बँडही नाही. ज्यांच्या संगीताला पावसाने खरोखर इजा केली ते या चित्रपटाला सोयीचे नव्हते, असा निष्कर्ष मी काढतो. वगळण्याची इतर कारणेही असतील, पण परिणाम हाच होतो. पडद्यावर पाऊस संगीताचा मित्र दिसतो. आपल्याकडे अशा वेळी रीत वेगळी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अवकाळी पावसामुळे पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पुढे ढकलून जानेवारीत घ्यावा लागला. श्रोते हळहळले, पण पावसातच गाणे होऊ द्या असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. चिखलाला आपल्याकडे अर्थ नाही असे नव्हे. भातलावणीपूर्वी चिखलणी करावी लागते, आणि आषाढात पालख्या चिखल तुडवतच पंढरपूरकडे जातात. मात्र तो चिखल कामाचा किंवा वाटेचा असतो. त्याला कोणी ऐकण्याची बैठक समजत नाही.

आता त्या दोघांकडे यायला हवे. चित्रपटातली सर्वांत दुर्लक्षित कला मला मंचावरच्या उद्घोषणांमध्ये दिसते. चिप मंक आणि जॉन मॉरिस हे दोघे गाण्यांच्या मधल्या वेळात निरोप वाचत राहतात. अमक्याने तमक्या तंबूपाशी यावे, त्याचे औषध तिथे आहे. अमकीने माहितीकेंद्रापाशी यावे, तिचा मित्र वाट पाहतो आहे. कोणाला घरी फोन करायचा आहे, कोणी बाप झाला आहे. मोबाइल नव्हता. चार लाखांत हात सुटला की सोबतीचा माणूस दिवसभरासाठी हरवायचा. म्हणून एका माणसाने एका माणसासाठी दिलेला निरोप चार लाखांना ऐकवावा लागे. समूहगानाच्या या महाकाव्यात ही पत्ररूप ओवी मला अधिक खरी वाटते. प्रत्येक उद्घोषणेत एक जोडी तुटलेली असते आणि ती जुळावी म्हणून सगळा उतार क्षणभर गप्प होतो. चित्रपटकर्त्यांनी या उद्घोषणा कापल्या नाहीत याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. सार्वजनिक फोनपुढची लांब रांगही त्यांनी ठेवली आहे. स्वातंत्र्याच्या शोधात घर सोडून आलेली मुले, आई काळजी करत असेल म्हणून त्या रांगेत उभी आहेत.

एका मुलाखतीत एक तरुण आणि एक तरुणी शेजारी बसून आपल्या नात्याचा उलगडा करायला पाहतात. आम्ही सोबत आहोत, पण रूढ अर्थाने जोडपे नाही, असे काहीसे. ‘मैत्री’ या शब्दाला त्या काळात नवा साचा शोधला जात होता आणि त्यांना शब्द सापडत नाहीत. ही अडखळ फार सुंदर आहे. वॉडलींचा कॅमेरा जमावावर जातो तेव्हा त्याला सगळे ठाऊक असते. या दोघांपुढे मात्र त्याला काही माहीत नसते आणि तो ऐकत राहतो.

आणि वादळाच्या आधी जो कॉकर जे गाणे गातात ते कोणते? ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’. बीटल्सच्या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेतले हे मूळचे हलकेफुलके, मित्रांच्या मदतीचे गाणे. कॉकर यांनी ते पिळवटून, जवळजवळ आक्रोश करून म्हटले. ते संपते आणि आभाळ फाटते. हा क्रम संकलकांनी रचलेला नाही, तो त्या रविवारी तसाच घडला. चित्रपटाला आयते मिळालेले हे सर्वांत मोठे दान, आणि त्याने ते ‘आपण सारे’च्या घोषात खर्चून टाकले. मित्रांची मदत म्हणजे काय, हे त्या पुढच्या तासाभरात कुठे दिसते? एका प्लास्टिकच्या कागदाखाली डोकी खुपसलेल्या तिघांत. निसटणाऱ्या मैत्रिणीचा हात धरून चढ चढणाऱ्या एकात. कॅमेऱ्याने हे टिपले आहे, पण सेकंद-दोन सेकंद. मग तो पुन्हा घसरगुंडीकडे वळतो.

ध्वनिमुद्रिकेच्या आवरणाने या बाबतीत चित्रपटावर मात केली. बर्क उझल यांनी टिपलेल्या त्या छायाचित्रात एक तरुण आणि तरुणी एकाच गोधडीत लपेटून उभे आहेत, मागे उतारावर बसलेले आणि आडवे झालेले लोक. ना मंच दिसतो, ना वादक. ती गोधडी त्यांना वाटेत टाकून दिलेली सापडली होती. त्यांच्याबरोबर आलेला एक मित्र जवळच जमिनीवर झोपला होता, आणि तो नुकताच व्हिएतनामहून परतलेला सैनिक होता. ते दोघे पुढे विवाहबद्ध झाले आणि अखेरपर्यंत एकत्र राहिले. हे शेवटचे तपशील छायाचित्र पाहणाऱ्याला कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. ओल्या थंडीत दोन माणसांना एक पांघरूण पुरते, एवढेच त्यात आहे.

याउलट वुडस्टॉकचे सर्वांत प्रसिद्ध गीत जोनी मिचेल यांनी लिहिले, आणि त्या तिथे गेल्याच नव्हत्या. सोमवारी दूरदर्शनवरचा कार्यक्रम चुकू नये म्हणून त्या न्यू यॉर्कमध्ये थांबल्या होत्या. बातम्या पाहून आणि परतलेल्या ग्रॅहम नॅश यांच्याकडून ऐकून त्यांनी ते रचले. या गीतात बाग आहे, ताऱ्यांची धूळ आहे. चिखल नाही. मित्राच्या तोंडून ऐकलेला पाऊस असाच असतो, त्याने कोणी भिजत नाही. गीत म्हणून ते थोर आहेच. चित्रपटाच्या शेवटी तेच गीत क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांच्या आवाजात लावले आहे, आणि तिथे मला ते खटकते. तीन तास चिखल दाखवून झाल्यावर शेवटचा शब्द न भिजलेल्याला दिला गेला.

पुढची कहाणी लवकर सांगून होते, कारण तीत शोध कमी आणि उजळणी जास्त आहे. १९९४ मध्ये सॉगर्टीज इथे पंचविसाव्या वर्धापनाचा महोत्सव झाला. पाऊस आला, तेव्हा प्रेक्षकांना आपले काम आधीच पाठ होते. ‘ग्रीन डे’ वाजवत असताना मातीची ढेकळे मंचावर आली, वादकांनी ती परत फेकली, आणि गोंधळात त्यांच्या बास वादकाला सुरक्षारक्षकाने प्रेक्षक समजून असे आडवे केले की त्याचे दात दुखावले. मराठीत ‘राडा’ हा शब्द चिखलालाही वापरतात आणि मारामारीलाही. त्या दुपारी दोन्ही अर्थ एकत्र आले. ‘नाइन इंच नेल्स’ तर नखशिखान्त माखूनच मंचावर गेले, आणि त्या कार्यक्रमातल्या एका गाण्याच्या मुद्रणाला ग्रॅमी मिळाले. हे वादन प्रखर आहे, पण चिखल आता वेश झाला होता. इंग्लंडमध्ये ग्लॅस्टनबरीला त्याचे आणखी सभ्य रूप झाले. तेही दूधव्यावसायिकाचेच शेत, मायकेल ईव्हिस यांचे. १९७० मध्ये एक पौंडाच्या तिकिटात दूधही मिळत असे. १९९७ आणि २००५ चे चिखल तिथे दंतकथा झाले, आणि २००५ मध्ये केट मॉसच्या पायांतले रबरी बूट चिखलापेक्षा जास्त छापून आले. तिथून पुढे दुकानात महोत्सवासाठीचे बूट मिळू लागले.

मूळ चित्रपटात बूट नाहीत, अनवाणी पाय आहेत. सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्स वाजवायला उभे राहिले तेव्हा बहुतेक लोक घरची वाट धरून गेले होते. त्यांच्या गिटारमधून अमेरिकेचे राष्ट्रगीत तुटत, किंचाळत बाहेर पडते, आणि कॅमेरा अधूनमधून मंच सोडून उताराकडे जातो. तिथे आता घासाचे पातेही उरलेले नाही. ओल्या चादरी, फुटलेल्या चपला, कलिंगडाच्या साली. कोणी वाकून काही शोधतो आहे. जमाव संपला आहे, म्हणून पहिल्यांदाच एकेक माणूस सुटा दिसतो, आणि दूरवर दोन-तीन ठिकाणी दोघे दोघे, ओझे वाटून घेत, पाय उचलून टाकत चढाकडे निघालेले आहेत.